लायब्ररीतला लांबलचक दिवस : पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी

विद्यापीठातल्या पहिल्या सत्रात मी लायब्ररी उघडायच्या आधीच पायरीवर हजर असायचे आणि दिवे बंद होताना शेवटच्या दोन-चार जणांबरोबर बाहेर पडायचे. दारातल्या रजिस्टरमध्ये आत-बाहेरच्या वेळा लिहाव्या लागत. माझ्या नावापुढे रोज दहा तास. निकाल लागला तेव्हा दोन विषयांत जेमतेम काठावर होते, आणि माझ्यापेक्षा निम्मा वेळ बसणारी शेजारीण आरामात पुढे गेलेली.

दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला मी एक साधी गोष्ट केली. दिवसभर एक चिठ्ठी जवळ ठेवली. खरोखर अभ्यास सुरू केला की वेळ लिहायची, लक्ष उडालं, कोणी बोलायला आलं, फोन हातात घेतला की पुन्हा वेळ लिहायची. रात्री बेरीज केली. खुर्चीवरचे तास दहा, अभ्यासाचे तीन तास दहा मिनिटं.

ही चिठ्ठी तुम्हीही एक दिवस करून बघा. प्रामाणिकपणे, कोणाला न दाखवता. पुढे जे लिहिलंय ते या दोन आकड्यांमधली दरी कमी करण्यासाठीच आहे. दहा तास बसायचं की पाच, हा प्रश्न त्यानंतरचा.

१. बसण्याआधीची कागदपत्रं आणि सामान

प्रवेश झाला म्हणजे लायब्ररीचं सभासदत्व आपोआप मिळालं, असं बरेच जण धरून चालतात. काही ठिकाणी मिळतंही. पण बहुतेक ठिकाणी वेगळा अर्ज भरावा लागतो. पहिल्याच आठवड्यात उरकून टाका, कारण नंतर त्या खिडकीवर रांग लागते.

कागदपत्रं :
– विद्यापीठाचं ओळखपत्र आणि त्याची एक झेरॉक्स
– शुल्क भरल्याची पावती
– दोन फोटो
– अनामत रक्कम असेल तर तिची पावती. ही शेवटच्या वर्षापर्यंत जपायची असते. तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

त्याच खिडकीवर चार गोष्टी विचारून घ्या. एका वेळी किती पुस्तकं मिळतात, किती दिवसांसाठी, मुदत ऑनलाइन वाढवता येते का, आणि ई-जर्नल्स घरून उघडायची तर लॉगिन कुठून मिळतं. चौथा प्रश्न विचारायला लोक विसरतात आणि मग दोन वर्षं फक्त लायब्ररीच्या वायफायवरच लेख उतरवत बसतात.

सामान : साधं मनगटी घड्याळ (का ते पुढे येईल), कोरे सुटे कागद, पेन्सिल, इअरप्लग, झाकण घट्ट बसणारी पाण्याची बाटली, लांब वायरचा चार्जर, लॉकर असेल तर स्वतःचं कुलूप, आणि एक स्वेटर. वातानुकूलित हॉल दुपारी दोनला सुखाचा वाटतो, संध्याकाळी सहाला बोटं गारठतात.

इथले दोन सापळे. पहिला : स्वतःच्या कार्डावर मित्राला पुस्तक काढून देणं. पुस्तक हरवतं त्याच्या हातून, दंड आणि किंमत भरता तुम्ही. मी भरली आहे. मैत्री टिकली, पण त्या पुस्तकाचा विषय आमच्यात आजही निघत नाही. दुसरा : पुस्तक घेताना पानं न चाळणं. फाटलेली पानं, उपटलेले नकाशे, पेनाच्या खुणा दिसल्या तर तिथल्या तिथे देवघेव काउंटरवर दाखवून नोंद करून घ्या. नाहीतर परत करताना ते नुकसान तुमच्या नावावर चढतं. आणि शेवटी पदवीच्या वेळी ‘नो ड्यूज’, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा दाखला, लागतो; एक विसरलेलं पुस्तक तेव्हा सगळं अडवून धरतं.

२. अर्धा तास रिकाम्या हाताने फिरा

पुस्तक, वही, काहीही न घेता सगळ्या मजल्यांवर एकदा फिरा. देवघेव कुठे, संदर्भ विभाग कुठे (तिथली पुस्तकं घरी मिळत नाहीत, तिथेच बसून वाचायची), नियतकालिकं कुठे, जुन्या प्रश्नपत्रिकांचे बांधीव खंड कुठे, शांतता पाळायचा हॉल कोणता आणि गटचर्चेच्या खोल्या कोणत्या. सुट्टीच्या दिवशी आणि परीक्षेच्या काळात वेळा बदलतात. दारावरचा तो कागद आजच वाचून ठेवा.

मग जागा निवडा. हा भाग हलक्यात घेऊ नका. दाराकडे तोंड करून बसलात तर येणारा-जाणारा प्रत्येक जण तुमची मान वर करायला लावतो. काउंटर, प्रिंटर, जिना आणि वॉटर कूलर यांच्यापासून लांब राहा. गटचर्चेच्या खोलीपासून तर दोन हात जास्तच. एकसुरी आवाज, म्हणजे पंखा, एसी, बाहेरची वाहनं, यांची मनाला सवय होते. पण शब्द कळतील असं बोलणं, अगदी हळू आवाजातलंही, वाचनात घुसतं. कारण मेंदू शब्दांचा अर्थ लावणं थांबवत नाही. आवाज कमी करणारे हेडफोन नेमके इथे तोकडे पडतात. घरघर ते छान गिळतात, शेजारची कुजबुज तेवढी नाही. तिथे फोमचे साधे इअरप्लग बरे. आणि शब्द असलेली गाणी लावून वाचत असाल तर कुजबुज तुम्ही स्वतःच कानात घालून घेतलीत.

उजेडाचं म्हणाल, तर युरोपीय प्रकाशमानकात ग्रंथालयांच्या वाचनजागेसाठी ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) सांगितले आहेत. तुमच्या टेबलावर तेवढे आहेत का, हे फोनमधल्या लाइट मीटर ॲपने ढोबळ कळतं. तेवढाही खटाटोप नको असेल तर एकच बघा : लिहिताना आपल्या हाताची सावली ओळीवर पडते का? उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा. खिडकी सुंदर असते, पण दुपारचं ऊन लॅपटॉपच्या पडद्यावर येत असेल तर तिचा काही उपयोग नाही.

एक नाही, दोन जागा ठरवून ठेवा. नेहमीची गेली की तिच्याभोवती पंधरा मिनिटं घुटमळणारे लोक मी पाहिलेत. त्यातली एक मीच.

३. कॉल नंबर वाचायला शिका

दोन वर्षं लायब्ररीत बसूनही अनेकांना रॅकवरचं पुस्तक शोधता येत नाही. ते ठरावीक तीन पाठ्यपुस्तकं काढतात, ती नसली की ‘लायब्ररीत काहीच नाही’ म्हणतात. यात थोडा वेळ घालवा, तो सगळ्यात जास्त वसूल होतो.

पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला क्रमांक म्हणजे त्याचा पत्ता. बऱ्याच ग्रंथालयांत ड्यूई दशांश पद्धत असते. मेल्विल ड्यूईने ती १८७६ मध्ये प्रसिद्ध केली. सगळं ज्ञान दहा मोठ्या वर्गांत : ००० मध्ये संगणक आणि सामान्य ज्ञान, १०० तत्त्वज्ञान व मानसशास्त्र, २०० धर्म, ३०० सामाजिक शास्त्रं, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० तंत्रज्ञान, ७०० कला, ८०० साहित्य, ९०० इतिहास-भूगोल. त्यांच्या पोटात बारीक विभाग. अर्थशास्त्र ३३०, कायदा ३४०, शिक्षण ३७०, भौतिकशास्त्र ५३०, रसायनशास्त्र ५४०, वैद्यक ६१०, अभियांत्रिकी ६२०, व्यवस्थापन ६५८. मराठी साहित्य ८९१.४६ वर सापडतं. आपला विषय शोधून त्याचा आकडा पाठ करून टाका.

आता गोंधळाची जागा. दशांश चिन्हापुढचे आकडे पूर्ण संख्या म्हणून वाचायचे नसतात. ५३०.१२ हे ५३०.२ च्या आधी येतं, कारण .१२ हे .२ पेक्षा लहान. ‘बारा दोनच्या नंतर’ अशा हिशोबाने शोधणारा माणूस बरोबर रॅकसमोर उभा राहून चुकीच्या कप्प्यात बघत बसतो. आकड्याखालची अक्षरं सहसा लेखकाच्या आडनावावरून आलेली असतात. आकडा सारखा असला की पुस्तकं त्या अक्षरांच्या क्रमाने लागतात.

दुसरी गोष्ट म्हणजे एक विषय एकाच रॅकवर असेल असं नाही. प्रोग्रामिंगची पुस्तकं ००५ मध्ये असतात, पण संगणक अभियांत्रिकी ६२१.३९ वर, कधीकधी वेगळ्या मजल्यावर. संख्याशास्त्राचं गणित ५१९.५ ला, तर अर्थशास्त्रासाठी लिहिलेलं संख्याशास्त्र ३३० च्या आसपास. म्हणून आधी ओपॅकवर, म्हणजे लायब्ररीच्या ऑनलाइन यादीत, विषयाचा शब्द टाकून बघा आणि कोणकोणते आकडे येतात ते टिपून घ्या. रॅकशी गेलात की हव्या त्या पुस्तकाच्या डावी-उजवीकडची पाच-पाच पुस्तकंही चाळा. माझी सगळ्यात उपयोगी पुस्तकं मला शेजारच्या पुस्तकाला शोधताना मिळाली आहेत.

तुमच्याकडे ड्यूई नसून युनिव्हर्सल दशांश, लायब्ररी ऑफ काँग्रेस किंवा एस. आर. रंगनाथनांची कोलन पद्धत असू शकते. तत्त्व तेच, चिन्हं वेगळी. पहिल्या मजल्यावर बहुतेक तक्ता लावलेला असतो. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला चौथा आहे ‘वाचकाचा वेळ वाचवा’. संदर्भ विभागातले ग्रंथपाल त्यासाठीच बसलेले असतात. पण त्यांना ‘सर, माझ्या प्रोजेक्टसाठी काहीतरी द्या ना’ असं विचारलंत तर ते तरी काय देणार? ‘मॅडम, या विषयावर सत्तरच्या दशकानंतरचं काही हवंय, ही दोन बघितली, यात हा भाग नाही’ असं विचारा. मग बघा कशी चक्रं फिरतात. पुस्तक बाहेर गेलं असेल तर आरक्षण टाका. आपल्याकडे नसेलच तर दुसऱ्या ग्रंथालयातून मागवण्याची सोय आहे का, तेही विचारा. आणि नवी आवृत्ती मिळत नसेल तर जुनी घ्या. पायाभूत विषयांत बहुतेक वेळा प्रकरणांचा क्रम आणि उदाहरणं बदललेली असतात, विषय नाही. कायदा, कर, वैद्यक यांत मात्र हे चालत नाही.

वाचून झालेलं पुस्तक स्वतः रॅकमध्ये खोचू नका. टेबलावर किंवा ट्रॉलीवर ठेवा. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक नोंदीत हजर आणि प्रत्यक्षात गायब, असं महिनोन्‌महिने राहतं. (परीक्षेच्या तोंडावर काही महाभाग हे मुद्दाम करतात. हवं असलेलं पुस्तक दुसऱ्याच विषयाच्या रॅकमध्ये दडवून ठेवतात. तुम्ही नका करू एवढंच सांगते.)

४. प्रश्न घेऊन या

‘आज थर्मो (थर्मोडायनॅमिक्स) करायचंय’ हे काम नव्हे. त्याला शेवट नाही, त्यामुळे ते कधी झालं हे कळतही नाही आणि दिवसभर पुस्तक उघडं राहतं. आदल्या रात्री चिठ्ठीवर तीन प्रश्न लिहा, तीनच. ‘एंट्रॉपी का वाढते हे पुस्तक न बघता पाच वाक्यांत सांगता येईल का?’ ‘गेल्या तीन वर्षांच्या पेपरांतली या प्रकरणावरची गणितं सुटतात का?’ प्रश्न असला की उत्तर मिळालं का नाही हे कळतं, आणि मिळालं की उठता येतं.

पिशवीत त्या तीन प्रश्नांना लागतील तेवढीच पुस्तकं. पाच विषयांचं ओझं आणणारा माणूस प्रत्यक्षात एका विषयाला कंटाळला की दुसरा उघडण्याची सोय घेऊन आलेला असतो.

५. दिवस तुकड्यांत कापा

पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी ही पोमोदोरो पद्धत तुम्ही ऐकली असेल. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती स्वतःच्या अभ्यासासाठी काढली. स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर वापरायचा म्हणून हे नाव, इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणजे टोमॅटो. पाठांतराला, व्याख्यांना, कंटाळवाण्या वाचनाला ती चांगली. पण लांब सिद्धता किंवा निबंधाचा मसुदा असेल तर पंचविसाव्या मिनिटाला नेमका धागा हातात येतो आणि टायमर वाजतो. मी अशा कामाला पन्नास मिनिटं आणि दहा मिनिटं घेते. आकड्याला चिकटू नका. मधे उठायचं ठरलेलं हवं, एवढं पुरे.

उठताना एक ओळ लिहून उठा : ‘आता इथे आहे, पुढे हे करायचंय.’ सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तर लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो. ती एक ओळ त्या अडकलेल्या भागाला सोडवते, आणि परत आल्यावर ‘कुठे होते मी?’ यात दहा मिनिटं जात नाहीत.

कठीण काम सकाळी डोकं ताजं असताना करा. दुपारची पेंग नुसती जेवणामुळे येत नाही, शरीराचं घड्याळही त्या वेळी जरा उतरतं. त्या तासाला हाताने करायची कामं ठेवा : गणितं सोडवणं, आकृत्या काढणं, टिपणं लावणं. वाचायला घेतलंत की मान टेबलावर.

आणि दिवसात किती तास खरे असावेत? १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी व्हायोलिन वाजवणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. त्यातल्या उत्तम वादकांचा एकट्याने केलेला सराव रोज सरासरी साडेतीन तासांच्या घरात होता. हे वाचलं तेव्हा मला माझ्या तीन तास दहा मिनिटांबद्दल जरा बरं वाटलं. मग लक्षात आलं की माझे ते तास शंभर तुकड्यांत विखुरलेले होते. पूर्ण एकाग्रतेचे चार-पाच तास मिळाले तर तो भरगच्च दिवस समजा. बाकीच्या वेळात पुस्तकं शोधा, झेरॉक्स काढा, वही नीट करा. पण त्याला अभ्यासाच्या तासांत धरू नका.

६. पुस्तक मिटा

माझ्या पहिल्या सत्राचं खरं दुखणं हे होतं. मी वाचत होते, पुन्हा वाचत होते, पिवळ्या हायलायटरने पानं रंगवत होते. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटायचं आणि ‘आलं मला’ अशी खात्री व्हायची. पेपरात मात्र पुस्तक नसतं, त्यामुळे ओळख पटायला समोर कोणी नसतं.

१८८५ मध्ये हेरमान एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरजोड्या पाठ करून, विसरण्याचा वेग मोजला. बरंचसं पहिल्याच दिवसात जातं आणि मग घसरण मंदावते. त्यावर उतारा काय? २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. आपला पेपर पाच मिनिटांनी नसतो. जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला, त्यात हायलायटर आणि पुनर्वाचन कमी उपयोगाच्या यादीत आहेत. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं या दोन पद्धती सर्वांत वर.

करायचं असं. वीस-पंचवीस मिनिटं वाचा. पुस्तक मिटा, वहीही मिटा. कोऱ्या कागदावर आठवेल ते सगळं लिहा, वेडंवाकडं चालेल. अडलात तरी लगेच उघडू नका, मिनिटभर तसेच कुढत बसा. त्या धडपडीतच काम होतं. मग पुस्तक उघडून लाल पेनाने राहिलेलं भरा. लाल शाई जास्त दिसेल, पहिल्या आठवड्यात तर कागद रक्तबंबाळच होईल. ते कागद फेकू नका. दुसऱ्या दिवशी दिवसाची सुरुवात त्याच लाल भागापासून करा, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने.

हे वाचनापेक्षा कष्टाचं आहे आणि करताना आपण ढ आहोत असं वाटतं. हायलायटर कधी तसं वाटू देत नाही, म्हणून तो इतका लाडका.

७. फोन

पिशवीत, आणि पिशवी प्रॉपर्टी काउंटरवर किंवा लॉकरमध्ये. टेबलावर उलटा ठेवणं, सायलेंट करणं, ‘फक्त वेळ बघायला’ हे सगळं मी करून पाहिलंय. मनगटी घड्याळ त्यासाठीच. फोनवर पीडीएफ वाचावी लागत असेल तर आदल्या रात्री उतरवून ठेवा आणि आल्याबरोबर फ्लाइट मोड. घरच्यांना सांगून ठेवा की दर दोन तासांनी बघेन. तेवढ्यात जग बुडत नाही.

८. डोळे, पाठ, झोप

दर २० मिनिटांनी २० फूट, म्हणजे साधारण सहा मीटर लांबचं काहीतरी २० सेकंद बघायचं, हा नियम डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, म्हणून डोळे कोरडे पडतात, मुद्दाम मिटा. लॅपटॉपखाली दोन जाड ग्रंथ ठेवले की मान वाकत नाही (अर्थात संदर्भ विभागातले नकोत). पाय जमिनीला टेकले पाहिजेत. सुट्टीत खुर्चीतून उठायचं, खुर्चीत बसून फोन बघणं ही सुट्टी नव्हे.

चहा-कॉफीचं गणित समजून घ्या. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोप आणतं. कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, कळायचा थांबतो. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातलं अर्धं कॅफिन रात्री अकराला तुमच्यातच आहे. आणि दिवसा वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत. रात्र जागून तास वाढवले तर दिवसाची मिळकत रात्री घालवल्यासारखं होतं. दुपारी अगदीच राहवलं नाही तर हातावर डोकं ठेवून वीस मिनिटं झोपा, गजर शेजारणीला सांगून. चाळीस मिनिटं झाली तर उठल्यावर आणखी सुन्न वाटेल.

९. शेजारी

रुमाल टाकून जागा अडवू नका. पाणी प्यायला गेलात तर ठीक, पण वही ठेवून तीन तास तासांना जाणं ही दादागिरी झाली. कोणी तुमच्या समोर असं केलं तर त्याची वही हलवू नका, भांडणं यावरूनच होतात, काउंटरला सांगा.

सगळ्यात महाग पडतो तो ओळखीचा माणूस. ‘पाच मिनिटं बाहेर येतेस?’ ही पाच मिनिटं पाऊण तासाची असतात. नाही म्हणणं जड जातं, म्हणून मी वेळ ठरवून टाकली : सव्वाचारला पायरीवर, ज्याला भेटायचं त्याने तेव्हा यावं. आठवड्याभरात सगळ्यांना सवय झाली, आणि त्या गप्पाही जास्त रंगायला लागल्या. एकत्र अभ्यास करायचा असेल तर गटचर्चेची खोली घ्या, आणि प्रत्येकाने आधी एकट्याने वाचून यायचं अशी अट घाला. नाहीतर एक जण शिकवतो, तिघे माना हलवतात, आणि विषय फक्त शिकवणाऱ्याचा पक्का होतो.

लॅपटॉप, पाकीट टेबलावर सोडून जाऊ नका. ‘जरा बघशील का’ असं अनोळखी माणसाला सांगितलं तरी तो उठून जाऊ शकतो. रात्री उशिरा निघणार असाल तर आधीच कोणाबरोबर निघायचं ते ठरवा.

१०. परीक्षेआधीचे पंधरा दिवस

वर्षभर न दिसलेले चेहरे या दिवसांत येतात आणि तुमची नेहमीची जागा जाते. राग धरू नका, दुसरी जागा ठरवलेली आहेच. मागणी असलेली पुस्तकं या काळात राखीव विभागात जातात आणि काही तासांसाठीच मिळतात. हवी ती प्रकरणं महिनाभर आधीच वाचून टिपणं काढा. मुदत संपत आलेली पुस्तकं तारखेनुसार वहीत लिहून ठेवा. दंडापेक्षा त्रासाचं म्हणजे दुसऱ्याने आरक्षण टाकलं की मुदत वाढत नाही, आणि ते नेमकं पेपरच्या आदल्या दिवशी कळतं. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, शांत हॉलमध्ये बसून पूर्ण सोडवा, प्रत्येक विषयाची निदान एक. नवीन काही वाचायला या दिवसांत हात लावू नये असं माझं मत आहे. माझ्या मैत्रिणीला ते पटत नाही, आणि ती पहिली आली होती, त्यामुळे हा सल्ला जपून घ्या.

११. निघताना

बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी थांबा, घंटेची वाट बघू नका. चिठ्ठीवरच्या तीन प्रश्नांपुढे झालं, अर्धं, नाही एवढंच लिहा. राहिलेल्यातून उद्याचे तीन काढा. पुस्तकं ट्रॉलीवर, खोडरबराचा कचरा झटका, बाटली घ्या. आणि टेबलाखाली वाकून सॉकेट बघा. माझे दोन चार्जर तिथेच राहिले.